पावसाळ्यातली दुसरी छत्री : दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या मे महिन्यात घरी डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची छत्रीवरून दिसणारी मोफत टीव्ही सेवा, बसवली. आता मार्च सरत आलाय, म्हणजे एक अख्खा पावसाळा तिने पाहिला. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे पावसाळ्याआधी लिहिलेल्या अनुभवाला इथे काही किंमत नाही. म्हापशाच्या एका दुकानातून बॉक्स, ६० सेंटिमीटरची छत्री आणि केबल घेतली, सगळं मिळून दोन हजारांच्या आत. महिन्याचं भाडं नाही. आईला सह्याद्री आणि बातम्या लागल्या की पुरे.

आमचं घर पेडणे तालुक्यात, खाडीपासून फार लांब नाही. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. बसवायला आलेल्या मुलाने अर्ध्या तासात भिंतीला चार बोल्ट मारले, चित्र आणलं आणि गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात चित्र अडखळायला लागलं. फोन केला तर म्हणाला, "पावसांत अशेंच जाता." मीही ते खरं मानलं. दीड महिना आम्ही तुकड्यातुकड्यांनी बातम्या ऐकल्या.

जुलैमध्ये दोन दिवस चांगली उघडीप मिळाली. लख्ख ऊन, तरीही चित्र फुटत होतं. तेव्हा पहिल्यांदा बॉक्सच्या मेनूत जाऊन सिग्नलच्या दोन पट्ट्या पाहिल्या. स्ट्रेंग्थ ठीकठाक, क्वालिटी अगदीच खाली. पाऊस नसताना क्वालिटी खाली असेल तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही, एवढं मलाही कळलं.

शिडी लावून वर गेलो. छत्री हाताने हलत होती. चिरा मऊ आणि सच्छिद्र दगड. त्यात बोल्ट विटेसारखा धरत नाही, वाऱ्याने हळूहळू भोक मोठं होत जातं. छत्री दोन-तीन अंश सरकली तरी उपग्रह हातचा जातो. मग एलएनबीचा (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा) कनेक्टर उघडला तर आतून पाणी टपकलं. केबलची मधली तार तांब्याची समजत होतो. ती तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी निघाली, आणि गंजलेली. (लोहचुंबक लावून बघा. दुकानदारासमोरच बघा.) खाऱ्या हवेत असली तार एक पावसाळाही काढत नाही.

तिसरी गोष्ट शेजारच्या माडाची, आणि ती मला सगळ्यात उशिरा कळली. फ्री डिशचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. आमच्याकडून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर. पण आपल्या घरच्या छत्र्या तिरक्या रचनेच्या असतात. तोंड जिकडे दिसतं त्यापेक्षा सिग्नल बराच वरून येतो. छत्रीच्या तोंडावरून अंदाज घेतला तर माड आड येतोय असं वाटतच नाही, आणि ओल्या झावळ्या नेमक्या वाटेत असतात. शेजारच्या काकांना विनवून दोन झावळ्या काढल्या.

न्हाणीघरावरच्या स्लॅबवर सिमेंटमध्ये जस्ताचा मुलामा दिलेला पाइप रोवला, अस्सल तांब्याची केबल घातली, कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळली. केबल घरात शिरते तिथे खाली एक वळसा ठेवला, म्हणजे पाणी भिंतीत न जाता तिथूनच ठिबकतं. ऑगस्टमध्ये छत्रीही ९० सेंटिमीटरची केली. तिचं क्षेत्रफळ सव्वादोन पट असल्याने क्वालिटीची पट्टी चांगलीच वर राहते. मात्र ती वाराही जास्त खाते, आणि रोखही जास्त काटेकोर लागतो, म्हणून आधी पाइप पक्का करा. गोव्यात घेणार असाल तर पहिल्यापासून ९०चीच घ्या, ६०वर पैसे घालवू नका.

यानंतर जे उरलं तोच खरा पावसाचा त्रास: मुसळधार सरीत पाच-दहा मिनिटं, क्वचित पंधरा. हे सिग्नल सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या लहरींचे असतात. पावसाचे मोठे थेंब त्या शोषतात आणि विखरून टाकतात. उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर, पण गडबड होते ती शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत. डिजिटल असल्यामुळे चित्रावर मुंग्या वगैरे येत नाहीत, एक तर स्वच्छ, नाहीतर फुटतं आणि बंद पडतं. एक गंमत सांगतो: आमच्याकडे बऱ्याचदा पाऊस थांबल्यावर टीव्ही जातो. समुद्राकडून आलेली सर घरावरून पुढे आग्नेयेला सरकते आणि दोन-तीन किलोमीटरवर छत्री आणि उपग्रहाच्या मधे उभी राहते. आई आता अंगण कोरडं दिसलं की म्हणते, "आता जाणार बघ."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला लख्ख उन्हात सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र गेलं, ओळीने दोन-तीन दिवस. मी पुन्हा शिडी काढली होती. तेव्हा सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो, त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. यंदा मार्चच्या मध्यालाही झालं. काही करायचं नसतं, चहा प्यावा. विजांची चिन्हं दिसली तर मात्र त्या चमकायला लागण्याआधीच बॉक्सची वायर आणि छत्रीची केबल दोन्ही काढा, चमकत असताना हात लावू नका.

आता होडीचं. माझ्या मेव्हण्याचा ट्रॉलर मालिम जेटीवर असतो. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी संपली आणि त्याला हुरूप आला: भावोजी, तुमची जुनी ६०ची छत्री द्या, खलाशांना क्रिकेट दिसेल. केबिनच्या टपावर पाइप लावला, १२ व्होल्टवर चालणारा बॉक्स बॅटरीला जोडला. जेटीला बांधलेल्या ट्रॉलरवर मांडवी शांत असताना चित्र सुरेख आलं. समोरून एखादी फेरीबोट गेली, लाट आली, की ट्रॉलर डुलला आणि चित्र गेलं. ६०च्या छत्रीला दीड अंश इकडे, दीड अंश तिकडे एवढीच सवलत. वर दर फेरीनंतर ट्रॉलर वेगळ्या जागी, कधी नाळ (पुढचं टोक) उलट दिशेला. प्रत्येक वेळी छत्री नव्याने रोखायची. तांडेल (खलाशांचा म्होरक्या) त्यात पटाईत झाला, खाली एकजण "आलं, गेलं, आलं" ओरडत असतो. समुद्रात चालत्या होडीवर हे जमत नाही. तिथे घुमटाच्या आत मोटरवर फिरून उपग्रहाचा माग धरणारी छत्री लागते, आणि तिच्या किमतीत दोन-चार जाळी येतात. मेव्हण्याला मी तसं स्पष्ट सांगितलं. तो नोव्हेंबरपर्यंत ऐकला नाही. मग एका रात्री दोरखंड छत्रीत अडकून ती वाकली, आणि आता खलाशी मोबाइलवर स्कोअर बघतात, किनाऱ्याची रेंज असेपर्यंत.

परवा पावसाळ्याआधीची तपासणी म्हणून घरचा कनेक्टर पुन्हा उघडला. आतलं तांबं अजून चकाकतंय. पाइपाचे नटबोल्ट मात्र लाल झालेत. मेव्हणा जेटीवरून स्टेनलेस स्टीलचे आणून देणार आहे.