क्रीटमध्ये मुक्काम कुठे करावा: हानिया की हेराक्लिओन?

ग्रीसच्या क्रीट बेटावर जायचं ठरलं आणि तिकिटं बघायला घेतली की पहिलाच प्रश्न येतो: विमान हानियाचं घ्यायचं की हेराक्लिओनचं? दोन्हीकडे विमानतळ आहे, अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्रभराची फेरी बोटही दोन्हीकडे जाते. भाड्यात फारसा फरक दिसला नाही की माणूस डोळे मिटून एक निवडतो. तसं करू नका. बेट म्हटलं की आपल्याला सगळं जवळजवळ वाटतं. पण क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे, मधे अडीच हजार मीटरला टेकणारे डोंगर आहेत आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यात अख्खा दिवस मोडतो. हानिया ते हेराक्लिओन हेच अंतर १४० किलोमीटर, बसने अडीच-तीन तास. मुक्काम जिथे, तिथलंच क्रीट तुम्हाला दिसणार.

माझं मत आधीच सांगतो. पहिल्यांदा जात असाल, हातात पाच-सहा रात्री असतील आणि समुद्र, डोंगर, गल्लीबोळ यांची ओढ असेल, तर हानिया. पुराणवस्तूंसाठी जात असाल, किंवा त्याच सहलीत सँटोरिनी बेटही करायचं असेल, तर हेराक्लिओन. सँटोरिनीची वेगवान बोट हंगामात तिथून सुटते आणि दोनेक तासांत पोचवते.

आधी गावांबद्दल. हानियाचं जुनं गाव व्हेनिसच्या लोकांनी बांधलेल्या बंदराभोवती वसलेलं आहे. बंदराच्या तोंडाशी दीपगृह, काठावर घुमटांची जुनी मशीद, आणि मागे जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील अशा गल्ल्या. व्हेनिस, ऑटोमन, थोडं इजिप्त अशा सगळ्यांच्या खुणा पाच मिनिटांच्या चालण्यात भेटतात. १९४१च्या मे महिन्यात जर्मन छत्रीधारी सैनिक जवळच्या मालेमे विमानतळावर उतरले, तेव्हाच्या बाँबहल्ल्यात गावाचा बराच भाग पडला. काही घरं अजून बिनछपराची उभी आहेत आणि त्यांच्या भिंतींच्या आत टेबलं मांडून लोकांना जेवू घालतात. संध्याकाळी नुसतं भटकायला याहून चांगलं गाव बेटावर नाही. पाण्याला लागून असलेली हॉटेलं मात्र टाळा. दोन गल्ल्या आत स्प्लांत्सिया भागात जा, जेवण चांगलं आणि बिलही हलकं.

हेराक्लिओन हे चालतं-बोलतं मोठं शहर आहे. रहदारी, काँक्रीटच्या इमारती, पार्किंगची मारामार. देखणं नाही, पण प्रामाणिक आहे. बंदरातला कुलेस किल्ला, १६२८चं सिंहांचं कारंजं आणि शहराभोवतीची प्रचंड तटबंदी पाहायला अर्धा दिवस ठेवा. याच तटबंदीच्या जोरावर या शहराने ऑटोमन सैन्याला १६४८ ते १६६९ अशी एकवीस वर्षं थोपवून धरलं होतं.

समुद्रकिनाऱ्यांत तुलनाच होत नाही, पश्चिम टोक सरळ जिंकतं. एलाफोनिसी हानियापासून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. गुडघाभर उथळ, उबदार पाणी, त्यामुळे लहान मुलं बरोबर असतील तर उत्तम. वाळूतला गुलाबी रंग सूक्ष्म जीवांच्या कवचांच्या चुऱ्याचा आहे. तो फोटोंत दिसतो तसा सगळीकडे पसरलेला नसतो, लाटेच्या कडेला पट्ट्यांत दिसतो, आणि ही वाळू बरोबर नेण्यास मनाई आहे. बालोसची उथळ खाडी त्याहून भव्य. तिथे जायला किस्सामोसहून बोट आहे, ती वाटेत ग्रामवूसाच्या किल्ल्यापाशी थांबते. दुसरा पर्याय गाडीचा, पण शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि भाड्याच्या गाडीचा विमा बहुधा कच्च्या रस्त्यावर लागू होत नाही. शिवाय गाडी वर ठेवून पायी उतरावं लागतं आणि परतताना उन्हात तेवढंच चढावं लागतं. बोटच घ्या. गर्दी नको असेल तर फालासार्ना: लांबलचक, पश्चिमेला तोंड, सूर्यास्त थेट समुद्रात.

हेराक्लिओनकडून मातालाचा किनारा सोयीचा. कड्यातल्या कोरीव गुहा रोमन काळात थडगी म्हणून वापरल्या गेल्या आणि १९६०च्या दशकात त्यांत हिप्पी येऊन राहिले. वाटेत फाइस्तोसचा प्राचीन राजवाडा होतो, म्हणजे एक दिवस झकास भरतो. वाईचं खजुराच्या झाडांचं वन सुंदर आहे, पण ते पार पूर्व टोकाला, सितियाच्याही पुढे आहे. हेराक्लिओनहून एका दिवसात जाऊन येण्याची ती जागा नव्हे.

डोंगरदऱ्यांसाठी हानियाच. सामारियाची घळ ही बेटावरची माझी सगळ्यात आवडती जागा. ओमालोसच्या पठारावर साधारण १२०० मीटर उंचीवर वाट सुरू होते आणि १६ किलोमीटर उतरत थेट आगिया रुमेलीच्या किनाऱ्यावर संपते. पाच ते सात तास लागतात. वाटेत सामारिया नावाचं ओस पडलेलं गाव लागतं; १९६२मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि लोकांना उठावं लागलं. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की मधे तीन-चार मीटरच उरतात. सांदण दरीत चाललेल्यांना ती दाटी ओळखीची वाटेल, फक्त इथले कडे कितीतरी उंच आहेत. सगळा उतारच असल्यामुळे दम लागत नाही, गुडघे मात्र बोलतात, म्हणून चांगले बूट हवेतच. आगिया रुमेलीला गाडीरस्ता नाही. बोटीने सूगिया किंवा होरा स्फाकियनला जायचं आणि तिथून बसने हानिया. शेवटची बोट चुकली तर मुक्काम तिथेच, त्यामुळे सकाळची पहिली बस पकडा. आई-बाबा बरोबर असतील तर उलटं करा: बोटीने आगिया रुमेलीला उतरा आणि खालूनच त्या अरुंद भागापर्यंत जाऊन परत या. घळीतलं सगळ्यात देखणं दृश्य त्यांनाही मिळेल.

आता हेराक्लिओनची खरी ताकद. क्नोसोसचा प्राचीन राजवाडा हेराक्लिओनपासून पाच किलोमीटरवर आहे, सिटी बसने जाता येतं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्स यांनी १९००मध्ये तिथे उत्खनन सुरू केलं आणि पुढे काँक्रीट वापरून राजवाड्याचे काही भाग पुन्हा उभे केले. लाल खांब, रंगीत दालनं यांतलं बरंच त्यांच्या कल्पनेचं आहे, हे मनात ठेवून पाहा. अस्सल वस्तू शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, आणि नुसत्या त्या संग्रहालयासाठीही हेराक्लिओनला जावं. अजून कुणालाही न उलगडलेल्या चिन्हांची फाइस्तोसची मातीची तबकडी तिथे आहे, बैलावरून उडी मारणाऱ्याचं भित्तिचित्र आहे. पण मला थांबवून ठेवलं ते मालियाला सापडलेल्या सोन्याच्या लटकनाने. दोन मधमाश्या समोरासमोर, मधे पोळ्याची गोल चकती, आणि त्या चकतीवर सोन्याचे इतके बारीक रवे बसवलेले की काचेला नाक लावून पाहावं लागतं. साडेतीन हजार वर्षांहून जुनं काम आहे हे. मुलं बरोबर असतील तर एक दिवस स्पिनालोंगा बेटासाठी राखा. १९०३ ते १९५७ या काळात तिथे कुष्ठरुग्णांना ठेवत.

गाडी चालवणार असाल तर निघण्याआधी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा. तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. गाडी नसेल तर हेराक्लिओन जरा सोपं, कारण मुख्य ठिकाणं बसने होतात. हानियाहून सामारिया आणि एलाफोनिसीच्या बस हंगामात मिळतात, बाकी किनाऱ्यांसाठी गाडी असलेली बरी.

शाकाहारींचे हाल दोन्हीकडे होत नाहीत. जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, मऊ चीज आणि ऑलिव्ह तेल घातलेला डाकोस सगळीकडे मिळतो. हानियात बटाटा, झुकिनी आणि चीज थरांत भाजलेला बुरेकी मागाच. चर्चच्या उपासाचे पदार्थ म्हणून काही दाखवलं तर मात्र विचारून घ्या: त्या उपासाला मांस, दूध, अंडी चालत नाहीत, पण कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात.

आठ-नऊ रात्री असतील तर हा वादच नको. हेराक्लिओनला उतरा, तीन रात्री राहा, उरलेल्या हानियात काढा आणि तिथूनच परतीचं विमान धरा. मधल्या रेथिम्नोत राहून दोन्हीकडे फिरायचा सल्ला मिळेल. गाव गोड आहे, पण रोज गाडीत बसून राहावं लागतं.

सुट्टी कोणती यावरही ठरवा. मेच्या सुरुवातीला पाणी गार असतं, पण घळ साधारण १ मेला उघडते आणि डोंगर फुलांनी भरलेले असतात. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात पडत असेल तर सामारिया बंद, बालोसच्या बोटीही बंद. तेव्हा मात्र बिनदिक्कत हेराक्लिओन घ्या, क्नोसोस आणि संग्रहालय हिवाळ्यातही उघडी असतात.