जेम्स वेबचं मॉडेल किट: पडदा एक नंबर, आरशाची पट्टी मात्र आधी मोजून घ्या

मे महिन्यात नागपुरात बर्डीवरच्या एका हॉबी शॉपमधून जेम्स वेब या अवकाशातल्या टेलिस्कोपचं मॉडेल किट घेतलं, १४५० रुपये पडले. पोरगा आठवीत आहे, शाळेला सुट्ट्या, बाहेर ४५ डिग्री, दुपारी पोराला खेळायला सोडायची सोयच नाही, म्हटलं मोबाईल घेऊन बसण्यापेक्षा हे बरं. पूर्ण व्हायला दोन आठवडे लागले. मी, पोरगा आणि आबा म्हणजे माझे सासरे, ते ऑर्डनन्स फॅक्टरीच्या टूलरूममधून रिटायर झालेत, असे तिघं रोज दुपारी कूलरसमोर चटई टाकून बसायचो. आता ओळखीतले दोन-तीन जण विचारून राहिले घ्यावं का म्हणून, तर सगळं एकदाच लिहून टाकते.

मॉडेल १:५० चं आहे. म्हणजे खरा आरसा साडेसहा मीटरचा, तो इथे १३ सेंटिमीटर, आणि खाली जो ऊन अडवणारा पतंगासारखा पडदा दिसतो तो खरा २१ बाय १४ मीटरचा, इथे साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटर. पुठ्ठा चांगला जाड आहे, लेझरनं कापलेला, कडा कुठे काळ्या पडलेल्या नाहीत. फेव्हिकॉल वेगळा आणावा लागतो.

आधी पडद्याबद्दलच लिहिते कारण पैसे तिथेच वसूल झाले. बाकी स्वस्त किटमध्ये पडदा म्हणून चंदेरी कागदाचा एकच तुकडा देतात, इथे पाच वेगवेगळे पातळ फॉइल दिलेत, उन्हाकडच्या दोघांना गुलाबी-जांभळी झाक आहे, खऱ्या पडद्यावर त्या दोन थरांना सिलिकॉनचा लेप आहे म्हणून तसा रंग दिसतो तोच यांनी दाखवलाय. आणि मुख्य म्हणजे पाचही थर एकमेकांना चिकटवायचे नाहीत, मधे फट ठेवायची आणि ती फट कडेला जास्त उघडी राहिली पायजे. पोरगा म्हणाला, आई हे चिकटवून टाकू ना, किती वेळ लागून राहिला. तेव्हा आबांनी त्याला जिन्यानं वर नेलं. आमच्या वरच्या खोलीवर टिनाचं छत आहे आणि त्याच्या वीतभर वर बांबूचे तट्टे बांधलेत. आबा म्हणाले, "हे तट्टे टिनाला चिकटून टाकले असते तर टिनासंगं तेही तापले असते, मधली हवा वाहते म्हणून खाली झोपता येते."

वेबचं गणित तसंच आहे, फक्त तिथे हवा नाही. पहिला थर तापतो, त्याची उष्णता दुसऱ्याकडे जाते पण त्यातली बरीच दोन थरांमधे आपटत आपटत फटीतून बाजूला अवकाशात निघून जाते, दुसऱ्यावर कमी पोचते, तिसऱ्यावर अजून कमी. जाड एकच पडदा लावला असता तर हे झालं नसतं. उन्हाकडच्या बाजूला ८५ डिग्री सेल्सियस आणि सावलीत उणे २३३, आणि मधे हे पाच कागद, तेसुद्धा कसले, पहिला ०.०५ मिलिमीटर आणि बाकीचे चार त्याच्या निम्मे जाड! आम्ही १०० वॅटचा जुना बल्ब लावून बघितलं. एका फॉइलच्या मागे हात धरला तर लगेच ऊब लागते, पाचांच्या मागे बराच वेळ काहीच कळत नाही. घरात हवा असते त्यामुळे ही काही खरी परीक्षा नाही, पण पोराला जे कळायचं ते कळलं.

एवढं थंड कशाला ठेवायचं हा त्याचा पुढचा प्रश्न. वेब बघते ती इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेचाच प्रकाश, मग दुर्बीण स्वतःच गरम असली तर तिचाच उजेड तिच्या डोळ्यात जाणार. तिच्यातलं मिरी नावाचं उपकरण तर अजून थंड लागतं, उणे २६६ च्या खाली, त्याला वेगळा हिलियमचा कूलर आहे. आमच्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी टपकत होतं त्या आवाजात हे सगळं बोलणं चाललेलं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, नागपूरकराला सावलीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आता तक्रार, आणि ही मोठी आहे.

आरशाचे १८ षटकोनी तुकडे सोनेरी कार्डाचे आहेत, सुंदर आहेत. खऱ्या आरशात बेरिलियम धातूवर सोन्याचा मुलामा आहे, सगळं सोनं मिळून ४८ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे चार तोळ्यांच्या थोडं वर. हे तुकडे एकसारखे बसावेत म्हणून किटमध्ये एक पुठ्ठ्याची पट्टी दिलीय, ती तुकड्याला लावायची, खूण करायची, तुकडा चिकटवायचा. आम्ही अगदी मन लावून, एकेक खूण दोनदा बघून १८ तुकडे चिकटवले आणि शेवटची रांग कडेच्या बाहेर आली. पोरगा रडवेला झाला, त्याला वाटलं त्याचाच हात हलला. आबांनी पेटीतून व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) काढला आणि तुकडे सोडून पट्टी मोजली. पट्टीच जवळपास एक मिलिमीटरनं मोठी होती. "काम चुकलं नाही बेटा, गेज चुकला. गेज कोणी तपासला?"

वेबच्या आधीची अवकाश दुर्बीण हबल, तिचं नेमकं हेच झालं होतं. १९९० च्या एप्रिलमध्ये हबल वर गेली आणि फोटो धूसर यायला लागले. तिचा २.४ मीटरचा आरसा घासण्यात हयगय झालेली नव्हती, उलट फार काटेकोर घासला होता, पण चुकीच्या आकारात, कारण आकार तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर जागा सोडून बसवलेलं. त्यामुळे आरशाची कड २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाली, केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी. दुसऱ्या तपासण्यांमधे गडबड दिसली होती पण ती उपकरणं कमी अचूक म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही, ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास तेच चुकलेलं. शेवटी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी पाच वेळा बाहेर निघून दुरुस्ती केली, चष्मा लावावा तशी. आबांना ही गोष्ट आधी माहीत नव्हती, मी वाचून दाखवली तर बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले तपासणीवाल्यांना किती वाईट वाटलं असेल.

वेबला अशी दुरुस्ती करायला कोणी जाऊ शकत नाही, ती १५ लाख किलोमीटरवर आहे. म्हणून आरसा तिथे गेल्यावर जुळवायची सोय आधीच करून ठेवली, प्रत्येक तुकड्यामागे ७ मोटर, आणि त्या तुकड्याला केसाच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढं सरकवू शकतात. २५ डिसेंबर २०२१ ला उड्डाण झालं, आणि फेब्रुवारीत सप्तर्षीच्या भागातल्या एका ताऱ्याकडे तोंड करून पहिला फोटो काढला तर एका ताऱ्याचे १८ ठिपके आले, इकडे तिकडे विखुरलेले. मग एकेक ठिपका कोणत्या तुकड्याचा ते ओळखून सरकवत सरकवत मार्चच्या मध्यापर्यंत १८ चा एक तारा केला. हे ऐकून पोरानं स्वतःच आमचे तुकडे परत काढले, आबांनी पत्र्याची नवी पट्टी कापून दिली आणि यावेळी शेवटची रांग बरोबर आत बसली.

दुसरी बारीक तक्रार, आरशाचे दोन पंख मागे दुमडतात (खरी दुर्बीण रॉकेटच्या टोकात अशीच दुमडून बसवली होती) त्यांची बिजागरी कागदाची आहे, आठ-दहा वेळात फाटते. पुस्तक बांधायची कापडी टेप लावा.

माहितीपुस्तिका मात्र फारच तोकडी आहे. चार पानं, त्यातलं एक जाहिरातीचं. वेबनं काय शोधलं याबद्दल दोन ओळी. इतकं छान मॉडेल हातात आल्यावर पोरं विचारणारच ना की यानं दिसलं काय? मग आम्हीच शोधून वाचलं. विश्व पसरत असल्यामुळे फार जुना प्रकाश ताणला जाऊन इन्फ्रारेडमध्ये सरकतो, म्हणून फार जुन्या आकाशगंगा हबलपेक्षा वेबला नीट दिसतात. २०२४ मध्ये जाहीर झालेली एक तर विश्व जेमतेम २९ कोटी वर्षांचं असतानाची आहे, आज ते १३८० कोटी वर्षांचं आहे, आणि इतक्या लवकर एवढी उजळ आकाशगंगा असेल असं कोणी धरलंच नव्हतं. ७०० प्रकाशवर्षं दूरच्या वास्प-३९बी या ग्रहाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सापडला तो २०२२ मध्ये. आपल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट या अवकाश दुर्बिणीचं पुस्तिकेत नावसुद्धा नाही, २०१५ पासून वर आहे, आणि तिच्या निरीक्षणांवरून पुण्याच्या आयुकातल्या शास्त्रज्ञांनी ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या आकाशगंगेचा अतिनील प्रकाश पकडला, तेही आरसा फक्त ३८ सेंटिमीटरचा असताना. हे मुलांना सांगायलाच पायजे होतं.

एका रविवारी गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगणाचा शो बघून आलो. सी. व्ही. रमण सरकारी हिशेब खात्यात असताना काही काळ नागपुरात होते आणि चंद्रा एक्स-रे दुर्बिणीला ज्यांचं नाव दिलं ते चंद्रशेखर त्यांचेच पुतणे. पोरानं येताना रस्ताभर तेच घोकलं.

तर दहा वर्षांच्या वरच्या मुलांसाठी घ्या, मोठं माणूस सोबत बसणार असेल तरच घ्या, आणि पट्टी वापरायच्या आधी एका तुकड्याच्या बाजूशी लावून बघा. मी कंपनीला मोजमापासकट ईमेल केला होता, त्यांचं उत्तर आलं नाही पण नऊ दिवसांनी कुरिअरनं नवी पट्टी आली. पोरानं पाकीट फोडलं आणि पट्टी थेट आबांच्या हातात दिली, सोबत व्हर्नियर. बरोबर निघाली.