पाटी दहा एचपीची, इंजिन भलतंच

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत पाणी उपसायच्या डिझेल इंजिनांना मागणी येते आणि जुनी इंजिनं रंगवून खपवणाऱ्यांचं फावतं. आमची सोसायटी हिंदमाता परिसरातली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, तेव्हापासून तळघरातल्या पाण्याची धास्ती आमच्याकडे कुणाला समजवावी लागत नाही. पाणी शिरलं की आधी वीज बंद करावी लागते, म्हणून डिझेलचा पंप हवाच.

एका दलालाने कुर्ल्याच्या गोदामात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन धडधडत होतं. "साहेब, तुमच्यासाठीच चालू करून ठेवलंय." मेख इथेच होती. रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) झिजलेलं इंजिन थंड असताना उठता उठत नाही, गरम असलं की झटक्यात सुरू होतं. म्हणून ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या लोखंडी धडाला, हात लावून बघा. कोमट जरी लागला तरी पूर्ण थंड होईपर्यंत थांबा आणि मगच सुरू करायला सांगा. ऑइलचं झाकण काढल्यावर भकाभका धूर आला तर तिथूनच परत फिरा.

पाटीवर 10 एचपी (अश्वशक्ती), 1500 आरपीएम (मिनिटाला फेरे). तेवढं बघून आम्ही पैसे दिले आणि इंजिन सोसायटीत आणलं. पंपाला जोडल्यावर मात्र काळा धूर, आरपीएम पडलेला आणि पाण्याची धार बारीक. तेवढ्यात इंजिन आपोआप पळायला लागलं. आमच्या मिस्त्रींनी स्टॉप लिव्हर ओढला तरी थांबेना! झीज लपवायला आत जाड ऑइल खच्चून भरलं होतं आणि आता इंजिन डिझेलवर नव्हे, त्या ऑइलवर चाललं होतं. "मागे व्हा सगळे!" असं ओरडून मिस्त्रींनी प्लायचा तुकडा हवेच्या तोंडावर दाबून धरला, तेव्हा कुठे ते गुदमरून बंद पडलं. तिथे कधीही हात किंवा फडकं लावू नका, आत ओढलं जातं.

मग हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडलं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 87.5 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 110 मिमी, म्हणजे साधारण 661 सीसी. या मापाचं इंजिन 1500 आरपीएमला पाच ते सात एचपी देतं, दहा नाही. पाटीचे रिवेट नवेकोरे चमकत होते आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर ग्राइंडरने घासलेला. पाटी कुणीही बदलू शकतं, बोअर-स्ट्रोकमध्ये फारसा फरक पडत नाही. शक्य असेल तर आपला मिस्त्री नेऊन तिथेच माप घ्या आणि पाण्याच्या लोडवर इंजिन चालवून दाखवायला सांगा.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. उलटा झटका आला तर मनगट मोडतं. आणि तळघरात इंजिन कधीच चालवू नका, सायलेन्सरचा पाइप बाहेर काढला असला तरीही. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

विक्रेत्याने पैसे परत द्यायला नकार दिला. बिलावर फक्त 'जुने यंत्र, जसे आहे तसे' एवढंच होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे, पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच. त्यामुळे पैसे देण्याआधी जीएसटी बिलावर एचपी, आरपीएम, बोअर-स्ट्रोक आणि ब्लॉकवरचा नंबर लिहून घ्या. लिहायला कां-कू करत असेल तर व्यवहार तिथेच सोडा.