साडेसहाशे रुपयांचा टू-वे ट्रस रॉड: एक पावसाळा काढल्यावर

गोव्यात डिचोलीला माझं सुतारकामाचं दुकान आहे. दारं, कपाटं, देव्हारे हे रोजचं काम. दोन वर्षांपूर्वी मुलासाठी पहिली गिटार केली. मान (तारा जिच्यावरून जातात तो लांब भाग) जुन्या घराच्या चौकटीतल्या सागवानाची, आत ट्रस रॉड, म्हणजे मान वाकू नये म्हणून घालतात तो लोखंडी रॉड, काही नाही. इतकं मुरलेलं लाकूड कशाला वाकेल, असं मला खरंच वाटत होतं. पण स्टीलच्या सहा तारा मिळून ७० किलोच्या आसपास ओढ लावतात, आणि ती रात्रंदिवस चालू असते. चार महिन्यांत बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारा इतक्या उचलल्या गेल्या की पोराची बोटं सुजायची. नायलॉनच्या तारांची ओढ बरीच कमी, म्हणून क्लासिकल गिटारला बहुधा रॉड नसतो. स्टीलला तो हवाच.

दुसऱ्या मानेसाठी हा रॉड ऑनलाइन मागवला. पाकिटावर कंपनीचं नाव नाही, नुसतं ‘३६० मिमी, टू-वे’ एवढंच. किंमत ६५० रुपये, घरपोच यायला नऊ दिवस.

वस्तू साधी आहे. खाली आटे पाडलेली गोल दांडी, वर चपटी पट्टी, टोकाला ॲलन कीचं (षटकोनी चावीचं) तोंड. की उजवीकडे फिरवली की दांडी आखडते, पट्टी आखडू शकत नाही, म्हणून सगळा रॉड धनुष्यासारखा वाकतो आणि तारांच्या ओढीला उलटा जोर देतो. डावीकडे फिरवली तर विरुद्ध बाजूला वाकतो, म्हणून टू-वे. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना मानेतल्या अशा रॉडचं पेटंट १९२३ साली मिळालं, म्हणजे कल्पना शंभर वर्षांची. एकाच बाजूला जोर देणाऱ्या रॉडला बहुतेक वेळा मानेतला चर खोलगट वक्र खोदावा लागतो. टू-वे रॉडला तळ सरळ चालतो, आणि ट्रिमर (चर मारायचं हातमशीन) घेऊन बसणाऱ्या माणसाला ही फार मोठी सोय आहे.

आता तक्रार. पाकिटावर रुंदी ६ मिमी लिहिली होती. व्हर्नियर लावला तर मधोमध ५.९, पण ॲलनच्या तोंडाजवळ वेल्डिंगची गाठ होती तिथे ६.४. मी ६ मिमीच्या बिटाने चर आधीच मारून ठेवला होता. तीन फेऱ्यांत, दर फेरीला ३ मिमी, एकूण ९ खोल. रॉड सगळा बसला आणि शेवटच्या दीड इंचात अडला. हातोडीने ठोकून बसवायचा मोह होतो, ते करू नका. डोक्याकडचं ते टोक म्हणजे मानेतली सगळ्यात नाजूक जागा, तिथे चीर गेली की मान फुकट. मी गाठ कानशीने थोडी उतरवली आणि बाकीचं काम पटाशीने केलं. माझा हिशोब सांगतो: पहिल्या फ्रेटपाशी मान एकूण २१ मिमी, त्यातले ६ फिंगरबोर्डचे (मानेवर चिकटवतात ती फ्रेटांची फळी), ९ चराचे, म्हणजे खाली उरलं ६ मिमी लाकूड. मागून गोलाई देताना त्यातलं आणखी जातं. म्हणून तोंडाखाली मी मान मुद्दाम किंचित जाड ठेवली, आणि पोराच्या अंगठ्याला ते जाणवतही नाही.

चर मारायचा तो मानेचा ठोकळा चौकोनी असताना. आधी निमुळता करून घेतला तर ट्रिमरच्या गाइडला धरायला सरळ कड राहत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रॉड उलटा बसवू नका. बाहेर हातात धरून की उजवीकडे फिरवा आणि सरळ पट्टीवर ठेवून बघा. फुगवटा फिंगरबोर्डच्या बाजूला आला पाहिजे. या रॉडमध्ये त्याचा अर्थ चपटी पट्टी वर, दांडी खाली. सोबत सूचनांचा कागद नव्हता, आणि एकदा फिंगरबोर्ड चिकटला की ही चूक सुधारायला सगळं उचकटावं लागतं. बघून झालं की रॉड पुन्हा सैल करून मगच चरात ठेवायचा.

चरात तीन ठिकाणी सिलिकॉनचा थेंब टाकला, नाहीतर ठरावीक स्वरांना रॉड आत खुळखुळतो. आट्यांना ग्रीस लावलं, कारण ते कोरडे ठणठणीत आले होते आणि आपल्याकडच्या हवेत उघडं लोखंड किती टिकतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. सागवान तेलकट, म्हणून ॲसिटोनने पुसून घेतलं. चरावर मास्किंग टेप, त्यावरून गोंद, टेप ओढून काढली आणि शिसवीचा फिंगरबोर्ड शिकंज्यांत आवळला.

मार्चमध्ये तारा चढवल्या. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), चौदाव्यावर बोट, आणि सातव्याशी फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती). पाऊण फेरीत तार आणि फ्रेटमधलं अंतर ०.२५ मिमीवर आलं. मला एवढंच हवं होतं. खरी परीक्षा जुलैत झाली. आठ दिवस सलग पाऊस, भिंतींना ओल, आणि एके सकाळी मुलगा म्हणाला, “बाबा, खालच्या फ्रेटांवर तार घासते.” गेज शिरेना. फिंगरबोर्ड फुगून मान मागे गेली होती. जेमतेम पाव फेरी डावीकडे दिली, संध्याकाळपर्यंत तार मोकळी. चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाखाली, बसून त्याने घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीमागे साथ धरली तेव्हा एकही तार घासत नव्हती. डिसेंबरात तीच पाव फेरी परत उजवीकडे दिली.

सोबत मिळणारी ४ मिमीची की मात्र मऊ आहे, दुसऱ्याच वापरात तिच्या कडा गोल झाल्या. तिने जोर लावाल तर रॉडचं तोंडही खराब होईल. मी म्हापशाच्या बाजारातून चांगली की आणली, ऐंशी रुपयांत.

पाचपैकी चार तारे देतो. एक कापला तो गाठीसाठी आणि कीसाठी. आणखी एक रॉड मागवला आहे. पहिल्या गिटारचा फिंगरबोर्ड इस्त्रीने गरम करून इंच इंच सोडवतोय. अर्धा सुटला आहे.