पंखा की हार्प? केबल-स्टेड मॉडेल करणाऱ्यांसाठी

फायनल इयरला केबल-स्टेड पुलाचं, म्हणजे टॉवरवरून निघालेल्या सरळ तारांनी रस्ता धरून ठेवलेल्या पुलाचं मॉडेल घेतलं की पहिलं भांडण ठरलेलं: तारा पंख्यासारख्या लावायच्या की हार्प या वाद्यासारख्या, एकमेकींना समांतर? आमच्या ग्रुपने कन्हान नदीवर कागदोपत्री सहापदरी एक्सप्रेसवे नेला आणि त्याचं दीड मीटरचं मॉडेल केलं, तेही दोनदा. म्हणून सांगतो.

गणितात पंखा सरस, यात वाद नाही. सगळ्या तारा टॉवरच्या माथ्यावरून निघतात, जास्त उभ्या राहतात, त्यामुळे वजन नीट उचलतात आणि डेकवर, म्हणजे पुलाच्या रस्त्याच्या पाटावर, आडवा दाब कमी येतो. कोलकात्याचा 1992 चा विद्यासागर सेतू पंख्याचाच, मधला गाळा, म्हणजे दोन टॉवरमधलं अंतर, 457 मीटर. हार्पच्या तारा सगळ्या सारख्याच तिरक्या, त्यामुळे टॉवरजवळच्याही पंख्यापेक्षा आडव्या पडतात. डेक कमी उचलतात आणि टॉवरला वाकवायलाही बघतात. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे विचारतातच.

पण माथ्यावरची ती गर्दी! आम्ही पहिल्यांदा पंखाच केला. दोन्ही बाजूंच्या मिळून सोळा तारा, सगळ्या एकाच पट्टीला आवळलेल्या. सबमिशनच्या आदल्या रात्री एक तार सैल पडली, आणि तिची गाठ नेमकी सगळ्यांच्या खाली. तिच्यासाठी वरच्या सगळ्या सोडाव्या लागल्या. पहाटे तीनला परत ताणल्या तर डेक मधोमध कुबड काढून उभा. रूममेट झोपेतून उठून म्हणाला, “हा पूल होय का मांजाचा गुंता बे?”

मग हार्प केला. प्रत्येक तारेला आपल्या उंचीवर आपला स्क्रू. सैल झाली की पक्कड घ्या, दोन आटे फिरवा. शेजारची तार थोडी ढिली होते, तिलाही एक आटा. दिसायलाही बरा: कुठूनही बघा, तारा एकमेकींना छेदताना दिसत नाहीत. ड्युसेलडॉर्फला ऱ्हाईनवर 1957 मध्ये असाच समांतर तारांचा पूल झाला.

खऱ्या पुलांवर हल्ली बहुधा मधला मार्ग असतो, सेमी-फॅन: तारा टॉवरच्या वरच्या भागात थोड्या थोड्या अंतरावर अडकवतात. मॉडेलमध्ये मात्र प्रत्येक भोक वेगळ्या कोनात पाडावं लागतं. ड्रिल आणि धीर दोन्ही असतील तर करा.

तार गिटारची स्टीलची घ्या. नायलॉन रात्रभरात ताणला जाऊन सैल पडतो.

गाईड गणितावर मार्क देणारे असतील तर पंख्याला मी नाही म्हणणार नाही. आमचा हार्प ऑटोत आडवा ठेवून, वर्धा रोडवर धक्के खात कॉलेजला नेला. दोन तारा सैल झाल्या होत्या. गेटवरच उभ्या उभ्या आवळल्या.