ओहात्सूचं पाऊल: बुनराकूतलं ‘सोनेझाकी शिंजू’

बुनराकू म्हणजे जपानी बाहुल्यांचा खेळ, म्हणून मुलांना सोबत न्यायचा बेत असेल तर तो रद्द करा. ‘सोनेझाकी शिंजू’ हे पैसा, अब्रू आणि दोघांनी मिळून पत्करलेल्या मरणाचं नाटक आहे. ओसाकात घडलेल्या खऱ्या प्रकरणावरून नाटककार चिकामात्सू मोन्झाएमोन यांनी ते १७०३ साली, घटनेनंतर महिन्याभरातच रंगमंचावर आणलं. सोयासॉसच्या पेढीवर काम करणारा तोकुबेई, त्याची प्रेयसी वेश्या ओहात्सू आणि उसने घेतलेले पैसे बुडवून वर तोकुबेईवरच कर्जखतावर खोटा शिक्का मारल्याचा आळ घेणारा कुहेजी, एवढीच मुख्य मंडळी. अशी नाटकं पाहून लोक खरोखर जीव द्यायला लागल्यावर सरकारने १७२३ मध्ये या विषयावर बंदी घातली. आज दिसतो तो प्रयोग १९५५ साली नव्याने बांधलेला आहे.

कळसूत्री बाहुलीला वरून दोऱ्या असतात, इथे एकही दोरी नाही. प्रमुख बाहुल्यांना प्रत्येकी तीन माणसं लागतात. मुख्य चालक डाव्या हाताने डोकं सांभाळतो आणि उजव्या हाताने बाहुलीचा उजवा हात चालवतो. दुसऱ्याकडे फक्त डावा हात, तोही लांब दांडीने. तिसरा वाकून पाय चालवतो, आणि त्याला जागा मिळावी म्हणून मुख्य चालक उंच खडावा घालून उभा असतो. तोंडी इशारा अजिबात नाही. बाहुलीच्या मानेची, खांद्याची बारीकशी हालचाल झाली की डाव्या हाताच्या माणसाने ओळखायचं. पायवाल्याने मुख्य चालकाच्या कमरेच्या हालचालीवरून. पायांवर दहा वर्षं, डाव्या हातावर दहा वर्षं, मग डोकं, असा या विद्येचा हिशेब सांगतात. तो फुगवलेला वाटत असेल तर बाहुली नुसती डोळे पुसते तेव्हा तिच्या डाव्या हाताकडे बघा. तो किंचित मागे राहिला तरी दुसऱ्याच कुणाचा तरी हात मध्ये आल्यासारखं दिसतं, आणि रडण्याचं हसं होतं.

स्त्री बाहुल्यांना सहसा पायच नसतात. पायवाला किमोनोची खालची किनार चिमटीत धरून चाल दाखवतो आणि आत मूठ घालून गुडघा उभा करतो. दुसऱ्या प्रवेशात मात्र हा नियम मोडलाय, आणि नाटकाचं सगळं मोल तिथेच आहे. ओहात्सू ओसरीच्या कडेला बसलेली, तिच्या झग्याआडून येऊन तोकुबेई खाली लपलेला. वर कुहेजी त्याची नालस्ती करतोय. ती स्वतःशीच बोलल्यासारखं दाखवून विचारते, मरायची तयारी आहे का? अंधारातून तोकुबेई तिचं पाऊल धरतो आणि आपल्या गळ्यावरून ओढतो. त्या एका पांढऱ्या पावलात होकार, भीती आणि शरीराची ओढ एकदम येते. माणसांनी हाच प्रसंग केला तर तो सहज भडक होईल. लाकडाला लाज नसते, म्हणून इथे तो नेमका राहतो.

उणिवा आहेत. देवळाच्या आवारातला पहिला प्रवेश व्यवहाराच्या तपशिलांनी जड झालाय. कोणी कुणाला किती दिले हे डोक्यात बसेपर्यंत मारामारी सुरू होते. कुहेजी सुरुवातीपासूनच इतका पाजी, की तोकुबेईने त्याच्यावर विश्वास का टाकला हे कळत नाही. मरायला निघालेल्या दोघांची शेवटची जंगलवाट गोष्ट म्हणून जवळपास जागची हलत नाही. ती ऐकायची आहे: इतर ठिकाणी सगळ्या पात्रांचे आवाज एकटा निवेदक काढतो, इथे अनेक निवेदक एकत्र गातात आणि अनेक शामिसेन, म्हणजे तीन तारांची जपानी वाद्यं, एकत्र वाजतात.

निवेदक आणि वादक प्रेक्षकांच्या उजव्या हाताला बसतात. अगदी उजवीकडची खुर्ची घेतलीत तर आवाज अंगावर येतो, पण बाहुल्या तिरप्या दिसतात. मधली, थोडी उजवीकडची जागा बरी. बाहुलीचं तोंड माणसापेक्षा बरंच लहान असतं, तेव्हा मागे बसणार असाल तर दुर्बीण न्या. सुरुवातीला नजर सारखी मुख्य चालकाच्या उघड्या चेहऱ्याकडे जाईल. जाऊ द्या, जबरदस्तीने बाहुलीकडे वळवायला गेलात तर दोन्ही हातचं जातं. भाषांतराचा इअरफोन मिळाला तर पहिल्या प्रवेशापुरता लावा आणि दुसऱ्याआधी काढून ठेवा. कथानक आधी वाचलेलं असलं की त्याची गरज उरत नाही, आणि निवेदकाच्या हुंदक्यावर दुसरं कुणी बोलत राहिलं तर तिकिटाचे अर्धे पैसे वाया जातात.