चेहरा शिकवताना: अंडाकृती की आरसा?

तिसरी-चौथीच्या वर्गात चेहरा शिकवायच्या दोन पद्धती सर्रास दिसतात. पहिलीत बाई फळ्यावर अंडाकृती काढतात, मधोमध आडवी रेघ मारतात आणि डोळे त्या रेघेवर काढायला सांगतात. दुसरीत मुलांच्या हातात छोटा आरसा देऊन ‘बघ आणि काढ’ म्हणतात.

अंडाकृतीचा फायदा रोकडा आहे. मुलं डोळे हमखास कपाळावर चढवतात, कारण केसांचा भाग त्यांच्या हिशेबातच नसतो. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, हे एकदा रेघेवर दिसलं की पटतं. पन्नास मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास असेल तर हीच पद्धत झेपते. पण पुढच्या आठवड्यात भिंतीवर पन्नास जुळी भावंडं टांगलेली असतात!

आरशाचं तसं नाही. सुरुवातीची पाच मिनिटं दात दाखवण्यात आणि कवडसे पाडण्यातच जातात, जाऊ द्यावीत. मग कुणाला भुवईतला तुटका केस दिसतो, कुणाला पडलेल्या दाताची खिडकी. नाकाशी मात्र सगळे अडतात. तिथे बाजूच्या रेघा काढू न देता आधी फक्त नाकपुड्यांची सावली काढायला सांगावी, निम्मं काम होतं. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी सात ते नऊ वर्षांच्या मुलांच्या ठराविक चिन्हांनी चित्र काढण्याच्या टप्प्याबद्दल लिहिलं आहे. त्यामुळे हुबेहूबपणाचा आग्रह नकोच.

माझं मत आरशाला. मध्यरेघ दाखवायचीच तर पहिलं चित्र झाल्यावर, आणि तीही मुलांनी आरशात बोटांनी मोजून शोधलेली.